भाव छापून जगलेली मासिकं

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत एक बास्केटबॉल कार्ड १ कोटी २९ लाख डॉलरला विकलं गेलं. आपल्या हिशेबात शंभर कोटींच्या वर. कार्डावर मायकेल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट या दोघांच्या सह्या आणि दोघांच्या जर्सीवरून कापलेले, बास्केटबॉल लीगच्या चिन्हाचे तुकडे. बातमी वाचून आपल्याकडे पहिला प्रश्न निघाला तो साहजिकच होता: असा भाव ठरवतं कोण?

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कुठल्याही शाळकरी मुलानं याचं उत्तर पटकन दिलं असतं. मासिकात बघायचं! फक्त कार्डांचे भाव छापणारी मासिकं तिथं किराणा दुकानाच्या काउंटरवरसुद्धा मिळायची. आज या धंद्यात पूर्वी कधी नव्हता एवढा पैसा फिरतोय आणि नेमकी तीच मासिकं बंद पडली आहेत किंवा वाळून पापड झाली आहेत. धंदा जोरात आणि त्याचं वर्तमानपत्र मात्र खाटेवर, हे कसं काय? जरा मुळापासून बघू.

कार्ड म्हणजे नक्की काय

आपल्या पिढीनं ट्रम्प कार्डं खेळली. पुढे खेळाडूचा फोटो, खाली उंची, वजन, सामने, धावा. अमेरिकेतलं बेसबॉल कार्ड दिसायला तसंच, फक्त आकडे मागच्या बाजूला, आणि ते पत्त्यांसारखं खेळायला नसून जमवायला. शंभरेक वर्षांपूर्वी सिगारेटच्या पाकिटात ते मिळे. पाकीट दबू नये म्हणून आत जाड कागद घालायचाच, तर त्यावर खेळाडूचं चित्र छापू, म्हणजे गिऱ्हाईक परत येईल, असा तो साधा हिशेब. नंतर सिगारेटची जागा च्युइंगगमनं घेतली. टॉप्स या गम कंपनीचा १९५२ सालचा संच या छंदाचा आद्यग्रंथ मानला जातो.

एक शब्द इथेच समजून घ्या: रूकी कार्ड. खेळाडूचं मोठ्या स्पर्धेतल्या पदार्पणाच्या सुमारास निघालेलं पहिलं कार्ड. तोच खेळाडू पुढे कितीही कार्डांवर आला तरी सहसा सगळ्यात जास्त मोल या पहिल्याला.

लासलगावचा भाव आणि बेकेटचं पुस्तक

कांदा पिकवणाऱ्याला लासलगावात काय भाव निघाला हे कळणं किती गरजेचं असतं हे नाशिककडच्या माणसाला सांगावं लागत नाही. पूर्वी तो आकडा आकाशवाणीवर किंवा दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळायचा: किमान, कमाल, सर्वसाधारण. हा आकडा हातात नसला की बांधावर येणारा व्यापारी म्हणेल तो भाव.

सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या कार्डवाल्यांची अवस्था बांधावरच्या शेतकऱ्यासारखीच होती. ओहायोत पाच डॉलरला जाणारं कार्ड टेक्ससमध्ये वीसला जात असेल तर ते कळायला मार्गच नव्हता. १९७३ साली ‘स्पोर्ट्स कलेक्टर्स डायजेस्ट’ सुरू झालं. त्यात मुख्यतः जाहिराती असत: अमुक कार्ड विकणे आहे, तमुक हवं आहे. जेम्स बेकेट नावाच्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकानं मग प्राध्यापकाला शोभेल असं काम केलं. देशभरच्या विक्रेत्यांना पत्रं पाठवून भाव विचारले, गोळा केले, मांडले. १९७९ साली त्याचं पुस्तक झालं आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये ‘बेकेट बेसबॉल कार्ड मंथली’ हे मासिक.

त्यात कार्डापुढे दोन आकडे असत, एक कमी आणि एक जास्त. म्हणजे आपले बाजार समितीचे किमान आणि कमालच. गेल्या महिन्यापासून भाव चढला असेल तर वर जाणारा बाण, उतरला असेल तर खाली जाणारा. या आकड्यांना लोक ‘बुक व्हॅल्यू’ म्हणू लागले. पुढे तर नुसतं ‘बुक’. ‘बुक’ काय आहे विचारलं की समोरच्याला कळायचं.

माझ्याकडे न्यू जर्सीच्या मामेभावानं घर आवरताना पाठवलेला १९९१ सालचा एक अंक आहे. सुरुवातीची पानं गुळगुळीत आणि रंगीत, खेळाडूंच्या मुलाखती, वाचकांची पत्रं. मधली पानं मात्र रेल्वेच्या वेळापत्रकासारखी, मुंगीएवढ्या अक्षरांच्या रकान्यांची. मूळ मालक कोण होता कोण जाणे, पण पोर होतं हे नक्की. स्वतःकडे असलेल्या प्रत्येक कार्डापुढे त्यानं पेन्सिलीनं बरोबरची खूण केली आहे. केन ग्रिफी ज्युनिअरच्या १९८९ च्या रूकी कार्डापुढे खूण नाही. तिथं गोल आहे, दोनदा गिरवलेला, आणि शेजारी वजाबाकी: हातातले पैसे किती, कमी किती पडतात. पूर्ण अंकात मला हे पान सगळ्यात आवडतं.

ते मासिक काय करायचं ते या वजाबाकीत दिसतं. दुकानातल्या काचेच्या पेटीच्या एका बाजूला बारा वर्षांचा पोरगा, दुसऱ्या बाजूला पन्नाशीचा दुकानदार. दोघांकडेही तोच अंक. दुकानदार ‘बुक’च्या निम्म्यानं विकत घेणार आणि ‘बुक’च्या भावानं विकणार हे पोराला माहीत असे. त्यात पोराला फार फायदा होई असं नाही, पण निदान फसतोय किती हे त्याला कळत असे.

सूज आली आणि ती प्रकृती वाटली

१९८० पर्यंत बेसबॉल कार्डांचा धंदा जवळजवळ टॉप्सच्या एकटीच्या हातात होता. कोर्टकचेरीनंतर १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या उतरल्या, १९८९ मध्ये अपर डेक आली. त्याच काळात वर्तमानपत्रांत बातम्या यायला लागल्या, की आईनं रद्दीत टाकलेली कार्डं आज हजारो डॉलरची असती. झालं! लोक मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून कार्डांची न फोडलेली खोकी माळ्यावर रचू लागले. कंपन्यांनीही हात आखडता घेतला नाही, मागाल तेवढं छापलं. पन्नासच्या दशकातलं कार्ड महाग झालं होतं ते पोरांनी सायकलच्या चाकात अडकवून फाडलं म्हणून. १९९० चं कार्ड तर सगळ्यांनीच जपून ठेवलं, मग ते महाग व्हावं कशानं? कार्डांच्या पुड्या पूर्वी मेणकागदात येत, त्यावरून साधारण १९८७ ते १९९३ या काळाला आता ‘जंक वॅक्स’ म्हणतात. रद्दी मेणकागद.

मासिकांची हीच सुगी. बेकेटनं प्रत्येक खेळाचं वेगळं मासिक काढलं. रिचमंडचं ‘टफ स्टफ’ होतं, टॉप्सनं स्वतःचं मासिक काढून पाहिलं, ‘स्पोर्ट्स कलेक्टर्स डायजेस्ट’चे साप्ताहिक अंक जाहिरातींनी टेलिफोन डिरेक्टरीएवढे जाडजूड झाले. त्या जाहिरातींत ‘मिस्टर मिंट’ म्हणून मिरवणारा अ‍ॅलन रोझेन हा व्यापारी नोटांची पुडकी हातात धरून फोटो द्यायचा. १९८६ मध्ये याच माणसाला मॅसॅच्युसेट्समधल्या एका घरात १९५२ च्या टॉप्स कार्डांचं कोरं करकरीत घबाड सापडलं होतं. त्यातलं मिकी मँटलचं एक कार्ड त्यानं १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला विकलं. ऑगस्ट २०२२ मध्ये तेच कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. असो, विषयांतर झालं, पण हा किस्सा टाळवत नाही.

ऑगस्ट १९९४ मध्ये बेसबॉलपटूंचा संप झाला, वर्ल्ड सिरीज ही हंगामाची अंतिम लढत रद्द झाली, चाहते रुसले. माळ्यावरच्या खोक्यांची किंमत पुठ्ठ्याएवढी उरली. दुकानं बंद होऊ लागली आणि जिथं मासिकं विकली जात तो काउंटरच नाहीसा होऊ लागला.

“म्हणजे इंटरनेटनं मारलं, एवढंच ना?”

एवढं सरळ असतं तर सगळीच मासिकं एकाच पद्धतीनं मेली असती. इथं घाव तीन ठिकाणी बसला.

पहिला घाव भावावर. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईबे या ऑनलाइन लिलावाच्या वेबसाइटवर कार्ड शेवटी कितीला गेलं हे कुणालाही दिसायचं. मासिकातला आकडा म्हणजे संपादकांनी विक्रेत्यांकडून माहिती घेऊन बांधलेला अंदाज, आणि तोही छपाई, टपाल, वाटप होईपर्यंत काही आठवडे जुना. ईबेवरचा आकडा म्हणजे काल रात्री मोजलेले पैसे. गंमत म्हणजे सुरुवातीला ईबेवरचे विक्रेतेच जाहिरातीत ‘बुक व्हॅल्यू चाळीस’ असं लिहून वस्तू वीसला विकायचे. हे रोज शंभर वेळा दिसायला लागल्यावर गिऱ्हाईक विचारणारच, की चाळीसनं कुणी घेतच नाही तर चाळीस ही किंमत कसली?

मासिकांचं तेव्हा खरं चुकलं असं मला वाटतं. छापील भाव बाजाराच्या वरच राहत गेले. भाव उतरवला की दुकानदार नाराज, आणि अंक विकणारा व जाहिरात देणारा दुकानदारच. बाजार समितीचा फळा व्यापाऱ्याच्या भिंतीवर टांगला की असंच व्हायचं.

दुसरा घाव जाहिरातींवर. ‘विकणे आहे’ची पानंच्या पानं ईबेवर गेली. लेखांच्या गुळगुळीत पानांचा खर्च त्या जाहिराती भागवत होत्या. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींचं जे झालं तेच.

तिसरा घाव कमी दिसतो, पण मला सगळ्यात रंजक वाटतो. कार्डांनी स्वतःच रकान्यांत मावायचं सोडलं. १९९० मध्ये अपर डेकनं पुड्यांमध्ये रेजी जॅक्सनच्या खऱ्या सह्यांची अडीच हजार कार्डं मिसळली. १९९३ मध्ये टॉप्सनं उजेडात इंद्रधनुष्यासारखं चमकणारं कार्ड आणलं. मग एकाच कार्डाची सोनेरी आवृत्ती, लाल आवृत्ती, फक्त ९९ प्रती, फक्त १० प्रती, फक्त १ प्रत. यांना ‘पॅरलल’ म्हणतात, म्हणजे एकाच चित्राच्या वेगवेगळ्या दुर्मिळ आवृत्त्या. त्यात ग्रेडिंग आलं. कंपनीला कार्ड पाठवायचं, ती कोपरे, कडा, पृष्ठभाग तपासून १ ते १० गुण देते आणि कार्ड कडक प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करते. आपल्या सोन्याच्या हॉलमार्कसारखं म्हणता येईल, पण सोन्याची शुद्धता यंत्र मोजतं आणि कार्डाचे गुण माणसाच्या नजरेवर. पीएसए ही यातली मोठी कंपनी १९९१ पासून आहे.

आता हिशेब करा. एक कार्ड, त्याच्या वीस आवृत्त्या, प्रत्येकीला दहा गुण, गुण देणाऱ्या चार कंपन्या. एका खेळाडूच्या एका वर्षाच्या एका कार्डाचे आठशे भाव. कुठल्या मासिकात छापणार? ‘मूळ भावाच्या दीडपट ते चौपट’ अशा गुणकांवर बेकेटनं भागवून पाहिलं. दीडपट ते चौपट! लासलगावचा भाव कुणी असा सांगितला तर शेतकरी हसेल.

“छंदच संपला असेल मग”

उलट. लॉकडाऊनमध्ये घरी बसलेल्या, खिशात सरकारी मदतीचे पैसे आलेल्या, लहानपणी ग्रिफीच्या कार्डाभोवती गोल काढलेल्या चाळिशीच्या पुरुषांनी हा छंद डोक्यावर घेतला. मार्च २०२१ मध्ये पीएसएला बहुतेक कार्डं स्वीकारणं थांबवावं लागलं. आधीच्या तीन महिन्यांत आली नव्हती एवढी कार्डं तीन दिवसांत आली, असं कंपनीनंच सांगितलं. मे महिन्यात विस्कॉन्सिनमधल्या टार्गेट या दुकानसाखळीच्या एका दुकानाबाहेर कार्डांवरून हाणामारी झाली, आणि टार्गेटनं काही काळ दुकानांतली कार्डविक्रीच बंद केली.

एवढी भूक असताना कागदी मासिकाचं पुनरुज्जीवन व्हायला हवं होतं ना? त्या काळातला भाव बघा. मायकेल जॉर्डनचं १९८६ चं फ्लीअर कार्ड, दहापैकी दहा गुणांचं, जानेवारी २०२१ च्या अखेरीस ७ लाख ३८ हजार डॉलरला गेलं. त्याच वर्षी काही महिन्यांत तेच गुण असलेलं तेच कार्ड दोन लाखांच्या आसपास उतरलं. महिन्यातून एकदा निघणारा अंक या चढउतारापुढे पंचांगासारखा झाला: वाचायला हरकत नाही, पण पाऊस बघायला खिडकीतूनच डोकवायचं.

‘टफ स्टफ’चा कागदी अंक तोवर केव्हाच बंद पडला होता. ‘स्पोर्ट्स कलेक्टर्स डायजेस्ट’ ज्या एफ प्लस डब्ल्यू कंपनीकडे होतं तिनं मार्च २०१९ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि तिची मासिकं वेगवेगळ्या मालकांकडे विकली गेली.

“भाव फुकट मिळतो, मग बिघडलं कुठं?”

बरंच काही सुधारलं, हे आधी मान्य करू. खरा भाव आज पोरालाही दिसतो.

पण त्यात एक ठेच आहे आणि ती आपल्यालाही लागते. जुनं पाच रुपयांचं नाणं लाखोंना विकलं जातं असे व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आले असतील. रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला होता, की आमचं नाव वापरून जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात फसवणूक होते आहे. या प्रकारांचं मूळ एकच: मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यातला फरक लोकांना कळत नाही. नाण्यावर दहा लाखांची पाटी मीही लावू शकतो. मासिक निदान मधला माणूस होतं. अशा पाट्या बाजूला काढून जे उरेल ते छापायचं, हे त्याचं काम.

मिळालेला भावही कधी कधी फसवा. विकणाऱ्याचाच दोस्त बोली चढवतो. किंवा वर्षात एकच विक्री झालेली असते आणि तोच ‘बाजारभाव’ म्हणून फिरतो. बेकेट मुळात संख्याशास्त्रज्ञ होता हे इथं आठवतं. एका विक्रीवरून भाव सांगायचा नसतो हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणखी एक गोष्ट. आज भाव दाखवणारा, गुण देणारा आणि विकून देणारा हे हळूहळू एकाच वाड्यात राहायला आलेत. पीएसएच्या मालक कंपनीनं २०२४ मध्ये एसजीसी ही प्रतिस्पर्धी ग्रेडिंग कंपनी विकत घेतली. विक्रीचे भाव दाखवणारं कार्ड लॅडरही तिच्याच गोतावळ्यात आहे. यात कुणी लबाडी करतं असं मी म्हणत नाही. पण तराजू, वजनं आणि गल्ला एकाच हातात असले की गिऱ्हाईकानं काट्याकडे जरा लक्ष ठेवावं.

“मासिकं काय धुतल्या तांदळाची होती?”

अजिबात नाही. कार्ड कंपन्यांच्या जाहिराती घ्यायच्या आणि त्याच कार्डांना वर जाणारे बाण द्यायचे, हा अवघड खेळ त्यांनी वर्षानुवर्षं खेळला. बेकेट कंपनीनं तर १९९९ मध्ये स्वतःचं ग्रेडिंग सुरू केलं, म्हणजे गुण आपणच द्यायचे आणि भावही आपणच छापायचा.

मोठ्या भानगडींतही मासिकांची कामगिरी फार मिरवण्यासारखी नाही. होनस वॅग्नरचं जगातलं सर्वांत गाजलेलं सिगारेट कार्ड कडा कापून सुबक केलेलं होतं, हे बिल मास्ट्रो या लिलाववाल्यानं २०१३ मध्ये कोर्टापुढे कबूल केलं. त्या कार्डाला दहापैकी आठ गुण मिळालेले होते. २०१९ मध्ये कडा कापलेली शेकडो कार्डं उजेडात आली ती हौशी लोकांमुळे. जुन्या लिलावातले फोटो आणि नवे फोटो शेजारी ठेवून, कोपऱ्यावरचा शाईचा ठिपका जुळवत त्यांनी ते दाखवून दिलं. बिनपगारी.

म्हणून मासिकं गेली याचं मला सरसकट वाईट वाटत नाही. भावाचा रकाना गेला ते बरंच झालं.

यादीचं काय झालं

वाईट वाटतं ते दुसऱ्याच एका गोष्टीचं, आणि ती माझ्याकडच्या अंकात भावांच्या अगदी डाव्या बाजूला आहे. कार्डाचा क्रमांक आणि खेळाडूचं नाव. अमुक संचात किती कार्डं, कुठल्या क्रमांकावर कोण, कुठल्या कार्डावर नाव चुकीचं छापलं आणि नंतर दुरुस्त केलं. भाव महिन्याला शिळा होत होता, ही यादी कधीच झाली नाही. पण ती फुकटात भावासोबत यायची. भाव विकला जाईना तेव्हा यादी करणाऱ्यांचे पगारही थांबले. आज त्या याद्या वेबसाइटवर आहेत, पण त्यांच्या पायाशी या मासिकांच्या नोकरदारांनी एकेक खोकं फोडून केलेली मोजदाद आहे.

अशी मोजदाद झाली नाही तर काय होतं ते बघायला अमेरिकेत जायला नको. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे बिग फन नावाच्या बबलगमबरोबर क्रिकेटची चित्रं मिळायची. त्यावर धावा आणि विकेट लिहिलेल्या असत आणि त्या जमवण्यासाठी पोरांनी दात किडवून घेतले. आपल्याकडे या चित्रांचं मासिक कधी निघालं नाही. त्यामुळे आज कुणाच्या जुन्या ट्रंकेत गावसकरचं चित्र निघालं, तर त्याची किंमत काय हा प्रश्न फार पुढचा. त्या मालिकेत गावसकरची चित्रं होती किती, इथून सुरुवात करावी लागते. माझ्याकडे अशी एकोणतीस आहेत. मामेभावाच्या अंकातल्या त्या पोरासारखी मीही वहीत यादी केली आहे, पेन्सिलीनं, मधे मधे रिकाम्या ओळी सोडून.